दारू सोडल्यानंतरचे पहिले दिवस

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

२०२१ सालच्या एप्रिल महिन्यात आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी इथं सात माणसं सॅनिटायझर पिऊन दगावली. करोनाची दुसरी लाट होती, निर्बंधांमुळे दारूची दुकानं बंद होती, आणि दारू मिळेना म्हणून हातावर चोळायचं द्रव त्यांनी घशाखाली घातलं. बातमी देशभर छापून आली. लोक हळहळले, काही जण हसलेसुद्धा. ‘एवढी कसली तलफ?’ असं तेव्हा मला पुष्कळांनी विचारलं. प्रश्न साधा आहे, पण त्याचं उत्तर ‘तलफ’ या एका शब्दात मावत नाही. रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी बंद झाली की त्याच्या शरीरात काय होतं, हे आपल्याकडे घरोघरी माहीत असायला हवं. दारुडा माहीत नाही असं घर आपल्या भागात शोधावं लागेल, आणि तरीही ही माहिती मात्र नाही.

मी मानसोपचारतज्ज्ञ नाही. तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणारा साधा डॉक्टर आहे. पण दारू सोडू पाहणारा माणूस आधी तज्ज्ञाकडे जात नाही. खरं म्हणजे तो आधी डॉक्टरकडेच जात नाही. तो शपथ घेतो. पोराच्या डोक्यावर हात ठेवून घेतो, गळ्यात तुळशीची माळ घालून घेतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात, त्या वेळी बैलाच्या खांद्यावर हात ठेवून शपथ घेतलेला एक शेतकरी माझ्या माहितीत आहे. या शपथांना मी नावं ठेवत नाही. माळ घेऊन कायमचे सुटलेले लोक मी पाहिले आहेत. मात्र शपथ मनानं घेतलेली असते. दारूची सवय शरीरालाही लागलेली असते, आणि शरीराला त्या शपथेची खबर नसते.

ही शरीराची सवय म्हणजे काय? आपल्या मेंदूत काही रसायनं त्याला शांत ठेवणारी असतात, काही जागं करणारी, चेतवणारी. दारू शांत करणाऱ्या बाजूला जोर देते. म्हणून तर दोन घोट पोटात गेले की माणूस सैल पडतो. पण रोज दारू पडायला लागली की मेंदू तिच्याविरुद्ध जोर लावायला शिकतो. दाराला कोणी बाहेरून रेटत असेल तर आपण आतून खांदा लावून उभे राहतो ना, तसं. महिनोन् महिने, वर्षानुवर्षं तो खांदा लावून उभा असतो. आणि एक दिवस बाहेरचा माणूस एकदम बाजूला होतो. मग आतला माणूस तोंडावर आपटणारच. दारू थांबली, पण मेंदूचा उलटा जोर थांबलेला नाही. तो ओसरायला काही दिवस लागतात. त्या काही दिवसांत जे होतं, त्यालाच आम्ही दारू थांबल्याची लक्षणं म्हणतो.

शेवटचा घोट घेतल्यापासून तास मोजायचे. सहा-आठ तासांत हात कापायला लागतात, घाम सुटतो, मळमळतं, छातीत धडधडतं, झोप उडते. रोज पिणाऱ्याला हे नवीन नसतं. सकाळी उठल्यावर त्याला हेच होत असतं, आणि चहाच्या आधी एक पव्वा पोटात गेला की हात थांबतात. ‘सकाळची लागते’ असं जो माणूस सांगतो, त्याच्या बाबतीत मी सावध होतो. पुढं पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. आयुष्यात कधी फिट न आलेल्यालासुद्धा येते. काहींना कानात आवाज येतात, नसलेल्या गोष्टी दिसतात. बहुतेकांचा त्रास तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून उतरतो. पण शंभरातल्या चार-पाच जणांचा नेमका तिथून चढतो.

तो तिसरा दिवस ओळखता आला पाहिजे. माणूस भ्रमात जातो. कुठं आहोत, दिवस आहे की रात्र, त्याला कळत नाही. अंगावर मुंग्या चढताहेत म्हणून झटकत बसतो, कोपऱ्यात साप दिसतो म्हणून ओरडतो. ताप असतो, नाडी पळत असते. आणि एक विलक्षण गोष्ट घडते : तो आपलं रोजचं काम करायला लागतो. शिंपी हवेत सुई चालवतो, ड्रायव्हर स्टिअरिंग फिरवतो. माझ्याकडे आणलेल्या एका शेतकऱ्यानं दोन्ही हातांनी खाटेची दांडी अशी धरली होती, जसा डवराच धरलाय, आणि तोंडानं तो बैलांना हाकत होता. बायको सांगत होती, “डॉक्टर साहेब, यायनं तीन दिवसांपासून घेतलीच नाई. चांगलं सुटलं म्हणून आमी खुश होतो. आता कोनी म्हनते बाहेरचं लागलं.” एक रात्र आणि एक दिवस त्यांचा मांत्रिकाकडे गेला होता. वेळेवर उपचार मिळाले तर या अवस्थेतून शंभरातले पंचाण्णव वाचतात, पण घरात कोंडून ठेवलं, अंगारा लावला, तर त्यातले पुष्कळ हातचे जातात. या शेतकऱ्याला आम्ही त्याच संध्याकाळी जिल्ह्याच्या ठिकाणी हलवलं. आठव्या दिवशी तो चालत परत आला, आणि डवऱ्याची गोष्ट सांगितली तेव्हा त्याचा विश्वास बसेना.

घरच्यांचा मोठा गैरसमज म्हणजे ‘नाटक करतो’. दारू मिळावी म्हणून कापतो, दारू मिळावी म्हणून ओरडतो. त्यांनाही दोष देता येत नाही. वर्षानुवर्षं खोटं ऐकलेलं घर खऱ्यावर कसा विश्वास ठेवील? पण कापणारा हात खोटं बोलत नाही. ताणून धरलेल्या बोटांवर कागद ठेवा, कागद थरथरला की समजा.

अमेरिकेतली एक हकीगत मला नेहमी आठवते. १९३५ साली ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन गावी बिल नावाचा शेअरबाजारातला माणूस कामासाठी गेला होता. सहा महिन्यांपूर्वी त्यानं दारू सोडली होती. काम फिसकटलं, परक्या गावी हॉटेलात तो एकटा, आणि बारमधून हसण्याचे आवाज येताहेत. त्यानं काय केलं, तर गावात आपल्यासारखा दुसरा दारुडा कोण आहे याची फोनवरून चौकशी केली. त्याला भेटला एक सर्जन, डॉक्टर बॉब. या दोघांपासून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही संघटना उभी राहिली, आणि तिचा वाढदिवस धरतात तो १० जून १९३५, म्हणजे डॉक्टर बॉबनं शेवटची दारू घेतली तो दिवस. ती शेवटची बाटली त्याला बिलनंच दिली होती! त्या दिवशी डॉक्टरांना शस्त्रक्रिया करायची होती, आणि हात कापत होते. दारू सोडवणाऱ्यालाही तेव्हा थरथर थांबवायला दारूच द्यावी लागली. दुसरा उपाय हाताशी नव्हता.

आज तो आहे. २०२० च्या मार्चअखेर, पहिल्या टाळेबंदीत, केरळ सरकारनं डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दारू द्यायचा आदेश काढला होता. दारू एकाएकी बंद झाल्यानं लोक अत्यवस्थ होत होते, काहींनी जीव दिला होता. सरकारचं निदान बरोबर होतं, औषध चुकलं. डॉक्टरांच्या संघटनेनं विरोध केला आणि थोड्याच दिवसांत उच्च न्यायालयानं आदेशाला स्थगिती दिली. डॉक्टरांचं म्हणणं एवढंच होतं, की यावर उपचार आहेत, ते द्या.

उपचार तसे महागडे नाहीत. क्लोरडायझेपॉक्साइडसारख्या गोळ्या असतात, यकृत खराब असेल तर लोराझेपाम. दाराला बाहेरून लागणारा रेटा या गोळ्या काही दिवस उसना देतात, आणि आम्ही तो रोज थोडा थोडा कमी करत नेतो. आठवडा-दहा दिवसांत गोळी शून्यावर येते. ही गोळी मेडिकलमधून आपल्या मनानं आणून घ्यायची नाही. तिचीही सवय लागते, आणि तिच्यावर दारू घेतली तर श्वास थांबू शकतो.

इथं सलाईनबद्दल बोललंच पाहिजे. आपल्याकडे सलाईनवर लोकांची भारी श्रद्धा. ‘अशक्तपणा आला, एक बाटली चढवून द्या’, म्हणजे झालं. रोज पिणारा माणूस जेवत नाही, आणि जे खातो त्यातलं बी-१ हे जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, दारूमुळे अंगी लागत नाही. साखर जाळायला शरीराला हेच जीवनसत्त्व लागतं. अशा माणसाला आधी नुसतं ग्लुकोज चढवलं तर उरलंसुरलं थायमिन त्यात खर्च होतं आणि मेंदूला इजा होते. तोल जातो, डोळे फिरतात, एकाच्या जागी दोन दिसतात, आणि पुढं पुढं स्मरणशक्ती जाते, ती कित्येकदा परत येत नाही. म्हणून आधी थायमिनचं इंजेक्शन, मग ग्लुकोज. इंजेक्शन स्वस्त आहे. डॉक्टरला आधी सांगा की हा माणूस रोज पितो. लाजेपोटी हेच तेवढं सांगायचं राहतं.

ज्यांना सकाळी उठल्याबरोबर लागते, ज्यांना पूर्वी दारू थांबल्यावर फिट आली किंवा भ्रम झाला, ज्यांना कावीळ, मधुमेह, छातीचा आजार आहे, ज्यांचं वय झालेलं आहे, त्यांनी घरी बसून सोडू नये. दवाखान्यात दाखल व्हावं. बाकीच्यांना डॉक्टरच्या देखरेखीखाली घरी राहूनही सोडता येते. सणावारी घेणाऱ्याला यातलं काहीच होत नाही, तो उगाच घाबरायला नको. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. १४४१६ या टेलिमानसच्या नंबरवर फोन केला तर मराठीतही बोलता येतं. ही सेवा २०२२ च्या ऑक्टोबरपासून चालू आहे. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय खात्यानं एम्सकडून करून घेतलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ साली आला. त्यात दारूच्या पूर्ण आहारी गेलेले लोक देशात सुमारे २.९ कोटी असल्याचा अंदाज होता, आणि अशा ३८ जणांमागे एकालाच काही ना काही उपचार मिळाल्याचं आढळलं होतं. उरलेले ३७ शपथेवर, नाहीतर भिंतीवरच्या जाहिरातीवर.

ती जाहिरात तुम्ही एसटी स्टँडवर वाचलेली असेल. ‘रुग्णाला न कळत दारू सोडवा.’ पावडर भाजीत कालवा, चहात टाका. अशा पुड्यांमध्ये नेमकं काय असतं, हे पुडीवर नसतं. काही ठिकाणी डायसल्फिरामची गोळी कुटून दिली जाते. डायसल्फिराम हे खरंखुरं औषध आहे. रबराच्या कारखान्यांत त्याच्या जातीच्या रसायनात काम करणाऱ्यांना दारू सोसत नाही, हे फार पूर्वी लक्षात आलं होतं. १९४० च्या दशकाअखेर डेन्मार्कमधल्या संशोधकांनी त्याचा औषध म्हणून वापर सुरू केला. गोळी घेतलेल्यानं दारू प्यायली तर चेहरा लालभडक होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब एकदम पडतो. काही वेळा जीवही जातो. गोळी बंद केल्यावर दोन आठवड्यांपर्यंत हे होऊ शकतं. ज्याला हे ठाऊक आहे, तो दारूपासून लांब राहतो. औषधाचं काम ते एवढंच. ज्याला ठाऊकच नाही, तो नेहमीसारखा गुत्त्यावर जाणार. बायको जीव तोडून नवऱ्याला वाचवायला जाते, आणि हातून भलतंच होतं. शिवाय गोष्ट फुटली की नवरा घरचं ताट घ्यायला घाबरतो. कुठलंही औषध त्याला सांगून, त्याच्या संमतीनं, शेवटच्या घोटानंतर निदान बारा तास गेल्यावर आणि डॉक्टरच्या सल्ल्यानं. दारूची ओढ कमी करणाऱ्या नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट अशा दुसऱ्या गोळ्याही आता आहेत.

व्यसनमुक्ती केंद्र निवडतानाही डोळे उघडे ठेवा. पुण्याचं मुक्तांगण सगळ्यांना माहीत आहे. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी ते १९८६ साली येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात सुरू केलं, पु. ल. देशपांड्यांची मदत त्यामागे होती. तिथं पाच आठवडे राहावं लागतं आणि बायकोचाही विचार होतो, हे मला त्यातलं मोठं वाटतं. पण सगळीच केंद्रं तशी नसतात. डॉक्टर येतात का, केंद्राची नोंदणी आहे का, घरच्यांना भेटू देतात का, एवढं तरी विचारा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं रुग्णाला साखळदंडानं बांधायला मनाई केली आहे, आणि दारूमुळे होणारे मानसिक आजार त्या कायद्यात येतात. मारून दारू सुटत नाही, मार तेवढा लक्षात राहतो.

बरं, दहा दिवस पार पडले. हात स्थिर झाले, जेवण जायला लागलं. आता घरचे म्हणतात, सुटला! माझ्या मते खरी ओढाताण इथून सुरू होते. झोप अजून धड लागत नाही. महिना-दोन महिनेही लागू शकतात. गोड खावंसं वाटतं, खाऊ द्या. चिडचिड होते. आणि संध्याकाळचे सहा वाजले की काय करायचं ते कळत नाही. इतकी वर्षं ती वेळ ठरलेली होती, माणसं ठरलेली होती. दारूबरोबर त्याची दोस्तमंडळीही सुटलेली असतात, याचा घरात कोणी विचार करत नाही. वणीपासून नदी ओलांडली की चंद्रपूर जिल्हा. २०१५ ते २०२१ तिथं दारूबंदी होती तेव्हा प्यायला इकडे येणारे होतेच. पलीकडे वर्धा जिल्हा तर १९७४ पासून कोरडा, तिथलाही पिणारा वाट काढतो. बंदी असावी की नसावी हा वाद मी इथं काढत नाही. मी एवढंच विचारतो, की सहा वाजता ज्याचे पाय आपोआप वळतात, त्याला दुसरीकडे जायला जागा कोणती? अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभा पुष्कळ ठिकाणी संध्याकाळी भरतात, त्याचं कारण हेच असावं. फी नाही, नाव-गाव विचारत नाहीत. विदर्भातल्या मोठ्या गावांतून या सभा भरतात. जिथं नाही, तिथं दुधाची फेरी, भजनी मंडळ, मुलाचा अभ्यास, काहीही. पण वेळ भरलेली हवी.

आपल्या जिल्ह्यात आणखी दोन गोष्टींची काळजी घ्यावी लागते. एक म्हणजे कापसाचा चुकारा. वर्षाचा पैसा एकदम हातात येतो, आणि ‘आज तर घेच’ म्हणणारे दहा जण बाजारातच भेटतात. पोळ्याची कर, दिवाळी, लग्नसराई हे दिवस धोक्याचे आहेतच, पण चुकाऱ्याचा दिवस त्याहून वाईट. त्या दिवशी त्यानं एकट्यानं तालुक्याला जाऊ नये; बायको, भाऊ, मोठा मुलगा, कोणीतरी सोबत असावं.

दुसरी गोष्ट सांगताना मला जड जातं. दारू उतरल्यावर कर्ज दिसायला लागतं. इतके दिवस ते धुक्यात होतं. मन एकदम खचतं, आणि फवारणीचं औषध घरातच असतं. आपल्याकडे शेतकऱ्याच्या आत्महत्येबद्दल ‘पीत होता म्हणून केली’ असं सहज म्हणून टाकतात. तसं सरळ ते कधीच नसतं. पण दारू सोडल्याचे पहिले आठवडे मनानं फार नाजूक असतात, हे खरं आहे. त्या काळात फवारणीचं औषध घरात ठेवू नका. कुलपात, दुसऱ्याच्या कोठ्यात, कुठंही ठेवा. ‘आता जगून काय’ असं तो बोलला तर ते दारुड्याचं बरळणं समजू नका. तो आता शुद्धीवर आहे. त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखान्यात आणा.

आणि घसरला तर? पुष्कळ जण पहिल्या वर्षात एकदा तरी घसरतात. एका रात्रीची घसरण म्हणजे सगळं वाया गेलं असं नव्हे, पण ‘आता गेलंच आहे तर’ असं म्हणून ती आठवडाभर चालली की शरीर पुन्हा पहिल्या जागी येतं, आणि पुन्हा थांबताना त्रास आधीपेक्षा जास्त होऊ शकतो. दुसऱ्याच दिवशी सकाळी या, असं मी सांगून ठेवतो. मी रागावत नाही. रागावणारे घरी पुष्कळ असतात.

महिन्याच्या तपासणीला मी नवरा-बायको दोघांनाही बोलावतो. तोवर यकृताचे रिपोर्ट सुधारायला लागलेले असतात, त्याला ते दाखवतो. आकडे खाली आलेले पाहून माणसाला हुरूप येतो. त्याची एक तक्रार बहुतेक वेळा ठरलेली असते : महिना झाला, एक थेंब घेतला नाही, तरी ही माझ्यावर विश्वास ठेवत नाही. त्याला वाटतं, महिना म्हणजे फार झाले. तिच्या हिशोबात मागची बारा वर्षं असतात. दारू त्यानं सोडलेली असते, पण रात्री पावलांच्या आवाजावरून आज किती झाली असेल हे ओळखायची तिची सवय सुटलेली नसते. म्हणून मी तिलाही विचारतो, तुम्हाला झोप लागते का?

एकीनं सांगितलं, “झोप लागते, पन पैशाच्या डब्याची किल्ली मी अजून पोतीत अडकवूनच झोपतो.” नवरा शेजारीच बसला होता. थोडा वेळ तो खाली पाहत राहिला, मग म्हणाला, “राहू द्या तिच्यापाशीच.” मी पुढच्या महिन्याची तारीख कार्डावर लिहून दिली.